कौशल्याबाईची गाडी

मी शिकरा बोलतेय. पक्षी नाही, मोटारसायकल. पक्ष्याला निदान कुणी विचारत नाही की तू कोणत्या कंपनीचा. मला जन्मभर दोन-दोन कंपन्यांची नावं लावावी लागली आणि त्यापायीच माझं वाटोळं झालं.

शहापूरला हायवेच्या कडेला लक्ष्मणरावांचं मोटारसायकलींचं शोरूम आहे. शोरूमच्या मागे त्यांचं घर, घराच्या अंगणात टिनाची छपरी, आणि छपरीत मी. पुढचं चाक नाही, दोन विटांवर उभी आहे. एक आरसा गेला, क्लचच्या प्लेटा गेल्या, मागचा दिवा गेला. बोलताना जरा चिडले तर समजून घ्या. माझ्या जागी तुम्ही असतात तर शिव्याच दिल्या असत्या.

माझा जन्म नागपूरजवळच्या एका लहानशा कारखान्यात झाला. ऐंशी माणसं, दोन शेड आणि आवारात एक कडुनिंब. तिथं दिवसाला फार तर पाच गाड्या व्हायच्या, पण प्रत्येकीचं इंजिन एकाच माणसाच्या हाताखालून जायचं. माझं इंजिन शकुनबाईंनी बांधलं. बांधून झालं की त्या लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायच्या, मूठ कानाशी धरायच्या, डोळे मिटायच्या आणि ऐकत राहायच्या. मनासारखा आवाज आला नाही तर पुन्हा सगळं उघडायच्या. माझा आवाज ऐकून त्या म्हणाल्या, "हे पोट्टी पयन. चांगली पयन." पोरगी चांगली पळेल म्हणे! त्या दिवशी मला वाटलं, आपलं आयुष्य आता रस्त्यावरच जाणार.

पुढच्याच महिन्यात थोरल्या कंपनीनं आमची कंपनी विकत घेतली.

थोरली कंपनी म्हणजे 'सोबती' नावाची गाडी लाखांनी बनवणारी कंपनी. सोबतीबद्दल माझा आकस नाही. गरीब, कामसू गाडी आहे. पण थोरल्यांच्या साहेबानं आमच्या कडुनिंबाखाली उभं राहून भाषण केलं की, "तुम्ही धावा, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत." पाठीशी आले हे खरं, पण आले ते माझं मागचं चाक धरून ठेवायला.

आधी माझा केशरी रंग गेला. महाग पडतो म्हणे. राखाडी आला. मग माझा भोंगा काढून सोबतीचा बसवला. एवढ्या दांडग्या अंगातून पिपाणीसारखा आवाज निघू लागला. तेही मी सोसलं. पण मग थोरल्यांनी 'सरदार' नावाची स्वतःची खेळकुदीची गाडी काढली आणि घोटाळा असा झाला की कमी किमतीची शिकरा त्यांच्या सरदारच्या पुढे निघू लागली. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? सरदार सुधारला असता. थोरल्यांनी मला अधू केलं. माझ्या इंजिनाचा मेंदू म्हणजे एक काळी डबी असते. सर्व्हिसिंगला आलेल्या प्रत्येक शिकराच्या डबीत नवं सॉफ्टवेअर भरायचा हुकूम निघाला. कारण लिहिलं होतं, 'ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी'. त्यानंतर पंचाऐंशीच्या पुढे माझा काटा सरकेना. सरदार एकशे तीसनं जातो, त्याच्या ग्राहकाची सुरक्षितता बहुधा तो घरी ठेवून येतो.

शहापूरला मी मागच्या वर्षी दसऱ्याच्या दिवशी आले. लोकांना फिरवून दाखवायची गाडी म्हणून माझी रवानगी झाली होती. पण उतरले त्या घटकेलाच एक गंमत घडली.

आपल्याकडे दसऱ्याला शोरूममध्ये काय झुंबड असते ते सांगायला नको. त्या दिवशी तेरा गाड्या जायच्या होत्या. प्रत्येक गाडीला हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, नारळ, मग मालकाच्या हाती किल्ली आणि किल्ली देतानाचा फोटो. तो फोटो थोरल्या कंपनीला पाठवला की गाडी विकली गेली असं तिच्या दप्तरी धरलं जातं. लक्ष्मणरावांच्या घरच्या, कौशल्याबाई, ताट घेऊन एकेका गाडीची पूजा करत येत होत्या. त्यांनी माझीही केली. पाच सवाष्णींच्या थाटात, अगदी मन लावून केली. गाडी विकणारा अश्विन समोर होताच. सकाळपासून बारा किल्ल्या देऊन त्याच्या हाताला सवयच लागली होती. त्यानं कौशल्याबाईंच्या हातात माझी किल्ली दिली आणि फोटो काढला. संध्याकाळी तेराच्या जागी चौदा फोटो गेले.

अशा रीतीनं कागदोपत्री मी कौशल्याबाईंची झाले. नंबरही त्यांच्याच नावानं पडला. लक्ष्मणरावांना कळलं तेव्हा त्यांना घाम फुटला. "आता चूक झाली म्हणून कळवावं तं कंपनी म्हणन तुमचा कारभारच चुकीचा आहे. राहू द्या जसं आहे तसं." लक्ष्मणराव माणूस देवभोळा आणि कंपनीभोळा. कंपनीचं पत्र आलं की आधी चष्मा पुसतात, मग पाणी पितात, मग फोडतात.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी कौशल्याबाईंना फोन यायचा, "मॅडम, आपल्या शिकराची सर्व्हिसिंग बाकी आहे." त्यांना सायकलही चालवता येत नाही. त्या म्हणायच्या, "हाव बावा, करू," आणि पुन्हा वरणात चमचा फिरवायच्या.

आता दामिनीबद्दल सांगते, कारण ही खरी तिचीच गोष्ट आहे.

दामिनी सानगडीची. घरी धानाची शेती, पण हिचा जीव पान्या-पेचकसात. आयटीआय केलं आणि आमच्या लहान कंपनीनं तिला एकवीस दिवस कारखान्यात शिकायला बोलावलं. ती शकुनबाईंच्या हाताखाली शिकली. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐकणं तिनं तिथंच उचललं. जिल्ह्यात शिकराचं इंजिन उघडू शकणारी ती एकटी. शोरूमच्या एका कोपऱ्यात 'शिकरा कक्ष' अशी पाटी होती, तिथं तिचं टेबल, तिची हत्यारं. याआधी तिनं तीन ठिकाणी काम मागितलं होतं आणि तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळालं होतं, मुलीची जात, ऑफिसात बस आणि फोन उचल. त्यामुळे तो कोपरा म्हणजे तिला सगळं काही होतं.

आणि त्या कोपऱ्यावरच थोरल्यांचा डोळा गेला. यंदा पोळा झाला आणि पत्र आलं. दिवाळीपर्यंत तीन शिकरा विकल्या गेल्या नाहीत तर शिकरा कक्ष बंद करण्यात येईल आणि तेथील कर्मचाऱ्यास ग्राहक-संपर्क विभागात, म्हणजे फोनवर, बसवण्यात येईल.

दामिनीनं पत्र दोनदा वाचलं. म्हणाली, "तीन ना? विकते मी."

विकते म्हणणं सोपं. अश्विनच्या टेबलावर थोरल्यांचा दुसरा हुकूम चिकटवलेला होता. ग्राहकाने शिकराची चौकशी केल्यास प्रथम सोबती दाखवावी, मग सरदार दाखवावा, त्यानंतरच शिकरा दाखवावी, आणि तिचे सुटे भाग उशिरा मिळतात हे प्रामाणिकपणे सांगावे. म्हणजे एका हातानं म्हणायचं विका, दुसऱ्या हातानं तोंड दाबायचं. सुटे भाग उशिरा कोण पाठवत होतं? तेच की!

पहिले आले इश्वरभाऊ आणि निर्मलाबाई. शहापूरच्या पलीकडे दोन कोसांवर त्यांचं गाव. इश्वरभाऊ पन्नाशीचे, पण मला हायवेवरून एक चक्कर मारून आले ते विशीतले होऊन. "काय गाडी आहे बाप्पा! हात लावला का पयतेच."

निर्मलाबाई मात्र माझ्याभोवती दोनदा फिरल्या. माझी तिरपी, उंच सीट त्यांनी हातानं दाबून पाहिली. "पयते तं पयते. धानाचा कट्टा कुठी बसते इच्यावर? आन् मी कुठी बसू? कट्ट्यावर?"

इथं गाडी अशीच पारखतात. इंजिन किती ताकदीचं, काटा कुठवर जातो, हे नंतर. आधी राईस मिलला धानाचा कट्टा, म्हणजे पोतं, न्यायचा, आणि कट्ट्यासोबत घरची बाई बसली पाहिजे. माझ्या जन्मदात्यांनी सगळा विचार केला, हाच केला नाही. हे मी कबूल करते.

अश्विन लगेच पुढे सरसावला. "वहिनी, सोबती पाहा ना. कट्टा बसते, तुमी बसता, वरून सिलिंडर बसते."

"काकू," दामिनी मधेच बोलली, "मले आठ दिवस द्या. कट्टा बसवून दाखवते."

आठ दिवसांत तिनं लोखंडी नळी वाकवून आणली, वेल्डिंग करून घेतलं आणि माझ्या सीटमागे एक घडीची चौकट बसवली. लागेल तेव्हा उघडायची, नाही तर मिटवायची. मला त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं. शर्यतीच्या अंगाची मी, आणि पाठीवर बाज! लक्ष्मणरावांचाही जीव खालीवर. "दामिनी, कंपनीच्या कानावर गेलं तं माही डीलरशिप जाईन व."

"काकाजी, कंपनी इथं कट्टा पाहाले येऊन राहिली का?"

इश्वरभाऊ पुढे, निर्मलाबाई मधे, कट्टा मागे. तिघांना घेऊन मी हायवेवर गेले आणि खरं सांगते, मला ओझं जाणवलंच नाही. निर्मलाबाई उतरल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "लिहा आमचं नाव." माझी लाज तिथंच गेली. बाज तर बाज, गाडी विकली गेली ना!

दुसरी घेतली कैलाशनं. तो चिखल्याच्या खदानीत जमिनीखाली काम करतो. दामिनी मला घेऊन तिथल्या कॉलनीत गेली होती. पाळी सुटली तशी माणसं माझ्याभोवती जमली, मँगनीजच्या काळ्या धुळीनं माखलेली, फक्त डोळे पांढरे. कैलाश चक्कर मारून आला आणि कितीतरी वेळ उतरेचना. "दिवसभर खाली वाकून राहतो बाई. वर आलो का मले असं सरळ जावंसं वाटते." दसऱ्याला तो आई-वडिलांना घेऊन आला आणि गाडी घेऊन गेला.

नागपूरच्या गोदामातून या दोन गाड्या आल्या. एक उरली होती. धनत्रयोदशीला कीर्ती आली. मोहाडीच्या विणकरांच्या घरची, कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या घेऊन गावोगाव जाणारी. घडीच्या चौकटीवर साड्यांचं गाठोडं नीट बसतं हे तिनं स्वतः बांधून पाहिलं आणि नाव लिहिलं. तीन! दामिनीनं त्या दिवशी सगळ्यांना पेढे दिले. माझ्या टाकीवरही एक ठेवला.

लक्ष्मणरावांनी मागणी कळवली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. चष्मा पुसून, पाणी पिऊन त्यांनी ते वाचलं आणि खुर्चीत बसले.

'सदर मॉडेलचे उत्पादन पावसाळ्यापूर्वीच थांबविण्यात आले असून गाडी उपलब्ध नाही. तीन गाड्यांची विक्री पूर्ण न झाल्याने शिकरा कक्ष बंद करण्यात येत आहे.'

पावसाळ्यापूर्वी! आणि तीन विका हे पत्र कधीचं? पोळ्याचं! म्हणजे गाडी बनवणं बंद करून वर विकायला सांगितलं, आणि विकली तर म्हणे गाडीच नाही. मला आपणहून कुठं जाता येत नाही म्हणून, नाहीतर त्या ऑफिसात जाऊन मी टेबलं उलथली असती. तुम्हाला मी नको होते तर विकत कशाला घेतलं? आणि घेतलं तर मारायचं तरी सरळ मारा. एका पोरीला दोन महिने उन्हातान्हात पळवायची काय गरज होती?

कीर्ती बिचारी म्हणाली, "मले तेच पाहिजे होती," आणि तशीच परत गेली. दामिनीनं आपली हत्यारं एकेक करून पुसली आणि पेटीत ठेवली. रडली असती तर बरं झालं असतं.

दिवाळी झाल्यावर थोरल्यांचा माणूस आला. पाटी काढली, भिंतीवरची माझी चित्रं काढली. फिरवून दाखवायच्या शिकरा गाड्या परत न्यायला त्याच्याकडे यादी होती. यादीत शहापूरचं नाव नव्हतं. त्यानं मला पाहिलं, नंबर ताडून पाहिला आणि म्हणाला, "ही तर कुणा कौशल्याबाईंची आहे. ग्राहकाची गाडी शोरूमात काहून ठेवली? हलवा इथून." अशी मी अंगणातल्या छपरीत आले.

दामिनी फोनवर बसली. समोर यादी, यादीतलं नाव बघायचं, नंबर लावायचा आणि गोड बोलायचं. तिच्या काळ्या झालेल्या नखांत अजून तेल होतं. पहिल्या दिवशी सकाळी यादीत पहिलंच नाव आलं. तिनं नंबर लावला. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात फोन वाजला.

"मॅडम," दामिनी म्हणाली, "आपल्या शिकराची सर्व्हिसिंग बाकी आहे."

वर्षभर 'हाव बावा, करू' म्हणणाऱ्या कौशल्याबाईंनी त्या दिवशी फोन खाली ठेवला. हात पुसत त्या शोरूममध्ये येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बाकी आहे तं ये ना घरी, कर. म्या गाडीची पूजा केली, किल्ली माह्या हातात देली, कागद माह्या नावानं आहे. माही गाडी माह्या अंगणात सुधरवाले कंपनीले कायले विचारू?"

लक्ष्मणरावांनी चष्मा पुसला. पाणी प्यायले. मग म्हणाले, "रविवारी शोरूम बंदच असते."

तेव्हापासून दर रविवारी दामिनी छपरीत येते. जिल्ह्यात आम्ही अकराजणी. बंद केलेल्या मॉडेलला शोरूमच्या माणसानं हात लावायचा नाही असा हुकूम आहे, पण घरच्या गाडीचं कोण काय विचारणार? त्यामुळे फाटकाशी जो येतो तो एकच सांगतो. इश्वरभाऊ येतात, "कौशल्याबाईची गाडी आणली." कैलाश चिखल्याहून येतो, "कौशल्याबाईची गाडी आणली." सायकल न चालवणाऱ्या बाईच्या अकरा मोटारसायकली झाल्या आणि ती सगळ्यांना चहा करते.

पण दुरुस्तीला सुटे भाग लागतात, आणि ते थोरल्यांनी बंद केलेत. मग कुठून आणायचे? माझ्याकडून.

पहिला आरसा काढताना दामिनीनं मला विचारलं होतं. खरंच. टाकीवर हात ठेवून म्हणाली, "देशीन का व?" मी कोणाला नाही म्हणणार होते? आरसा दिला. एकीला क्लचच्या प्लेटा दिल्या. चिखल्याच्या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांनी पाडलेल्या खड्ड्यात कैलाशच्या गाडीचं पुढचं चाक वाकलं, तेव्हा माझं पुढचं चाक गेलं.

चाक गेल्यावर आठवड्यानं शकुनबाईंचं पार्सल आलं. कारखाना बंद झाला तेव्हा भंगारात चाललेली एक जुनी काळी डबी त्यांनी मागून घेतली होती. थोरल्यांचं सॉफ्टवेअर न शिवलेली, माझ्या जन्मवेळची. दामिनीनं ती मला बसवली, आणि माझी काढलेली डबी त्याच दिवशी एका बहिणीला गेली. पंचाऐंशीचं दावं सुटलं, आणि मी विटांवर! पाय गेल्यावर बळ मिळालं. माझ्या नशिबाला तरी काय म्हणावं.

मागच्या रविवारी इश्वरभाऊ गाडी टेम्पोत घालून घेऊन आले. नाल्याच्या पाण्यातून काढताना तिची डबी जळली होती. निर्मलाबाई सोबत होत्या. धान निघालंय, खळ्यावर कट्टे पडलेत, गाडी नाही म्हणून माणूस अडून बसलाय. दामिनीनं दोन्ही डब्या पाहिल्या, इश्वरभाऊंच्या गाडीची जळलेली आणि माझी चालती. मग पाना माझ्या डबीला लावला आणि परत काढला.

कौशल्याबाई म्हणाल्या, "एकदा वाजवून तं पाह्य."

तिनं मला सुरू केलं. लांब स्क्रू-ड्रायव्हर लावला, मूठ कानाशी धरली, डोळे मिटले आणि दुसऱ्या हातानं गाडीची मूठ पिळत गेली. आवाज चढत गेला आणि पूर्वी अडायचा तिथं थांबला नाही. छपरीची टिनं थरथरली, अंगणातल्या कोंबड्या पळाल्या, लक्ष्मणराव पेपर टाकून धावत आले. जन्मल्यावर शकुनबाईंनी ऐकला होता तो आवाज, तेवढाच, पूर्ण. मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. मग दामिनीनं मला बंद केलं, डबी काढली आणि इश्वरभाऊंच्या गाडीला बसवली. तेव्हा मात्र ती रडली.

आता मी सुरू होणार नाही. अजून माझ्याकडे मागचं चाक आहे, साखळी आहे, एक आरसा आहे, ती बाज आहे. ज्या बहिणीला जे लागेल ते न्या. फक्त थोरल्या कंपनीला माझा एक निरोप सांगा. पुन्हा एखादा लहान कारखाना विकत घ्याल तर आधी त्याच्या आवारात दिवसभर बसा, तिथल्या बायका इंजिनाला कान लावून कसं ऐकतात ते पाहा, आणि तेवढा धीर नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

रोज सकाळी हायवेवरून राईस मिलकडे जाताना इश्वरभाऊ फाटकासमोर मूठ जरा जास्तच पिळतात. मागे निर्मलाबाई, त्यांच्या मागे कट्टा. आजही आवाज आला. कौशल्याबाई अंगणात सडा टाकत होत्या. त्यांनी हात थांबवला, आवाज दूर जाईस्तोवर ऐकला आणि आतल्या लक्ष्मणरावांना म्हणाल्या, "आयकलं का? आपली गाडी गेली."